आमचा वाडा पेशवेकालीन आहे का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सदाशिव पेठेत पणजोबांच्या नावावरचा दुमजली वाडा आहे. मध्ये एक चौक, मागे परसू, रस्त्याच्या अंगाला दोन दुकाने. घरात सगळे पहिल्यापासून त्याला ‘पेशवेकालीन’ म्हणत आले. आता चुलतभावांत वाडा विकासकाला द्यायची बोलणी सुरू झाली आहेत आणि नात्यातल्याच एकाने शंका काढली की हा फार तर सव्वाशे-दीडशे वर्षांचा असेल. लाकडाची कार्बन चाचणी करून साल पक्के करता येईल का, आणि ट्रंकेत निघालेल्या मोडी कागदांचा काही उपयोग होईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी वास्तुविशारद आहे. पेठांतले वाडे मोजणे, त्यांची नोंद करणे आणि जमेल तिथे दुरुस्ती करणे हेच माझे बरेचसे काम. हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक घरात ऐकावा लागतो, आणि त्याचे एका सालात उत्तर देता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाडा एकदा बांधून झाला आणि मग दोनशे वर्षे तसाच उभा राहिला, असे होत नाही. जोते, म्हणजे घराखालचा दगडी चौथरा, एका पिढीचे, खांब दुसऱ्या, रस्त्याकडचा सज्जा तिसऱ्या आणि छप्पर चौथ्या, असा प्रकार असतो. तेव्हा ‘वाडा कोणत्या सालचा’ हे बाजूला ठेवून ‘वाड्याचा कोणता भाग कोणत्या काळातला’ असे विचारा. त्याचे उत्तर मिळते, आणि पुष्कळदा तुम्हाला घरबसल्या मिळते.

आधी पेठेचा इतिहास थोडक्यात, कारण शक्यता किती हे त्यावरून ठरते. पुण्याची मूळ वस्ती कसब्याची. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ती उद्ध्वस्त केली, पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत ती पुन्हा बसली. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली. पेशव्यांचे बिऱ्हाड पुण्यात स्थिर झाल्यावर शहराने खरे अंग धरले. तुमची सदाशिव पेठ त्यानंतरची. अठराव्या शतकात वसलेली आणि सदाशिवरावभाऊंच्या नावाची. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७४० ते १७६१ या काळात, कात्रजहून दगडी नळाने पाणी शहरात आले, ठिकठिकाणी हौद झाले आणि या अंगाला वस्ती करणे सोयीचे झाले. म्हणजे तुमच्या वाड्याच्या वयाला एक वरची मर्यादा इथेच पडली. त्या जागेवर त्याआधीचा पेठेतला वाडा असण्याचे कारण नाही.

आता खालची बाजू. १७६३ मध्ये निजामअलीच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईनंतर यशवंतराव होळकरांच्या फौजेच्या हाती शहर सापडले आणि सावकारांची घरे खणून काढली गेली. १८१८ नंतर दरबार गेला, त्याबरोबर सरदार, कारकून, शागीर्द गेले, आणि मोठे वाडे सांभाळायला पैसा उरला नाही. १८२८ मध्ये खुद्द शनिवारवाडा आतून जळाला. मे १८७९ मध्ये बुधवारवाडा साफ जळाला आणि विश्रामबागवाड्याचाही एक भाग गेला. सरकारी पहाऱ्यातल्या इमारतींची ही गत. मग समईच्या उजेडात राहणाऱ्या आणि लाकडाने भरलेल्या खासगी वाड्यांचे काय झाले असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा. पुढे १८९७ चा प्लेग, नंतर रस्तारुंदी, आणि १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर.

एवढ्यातून पूर्ण पेशवेकालीन वाडा टिकणे अशक्य नाही, पण दुर्मीळ आहे. माझ्या पाहण्यातले पेठांमधले बहुतेक मध्यमवर्गीय वाडे, म्हणजे एक चौक, दुमजली, दारात लहानशी देवडी (पहारेकऱ्याची जागा), हे १८६० ते १९३० या काळात उभे राहिलेले किंवा जवळजवळ नव्याने बांधलेले आहेत. कारण सरळ आहे. १८५८ मध्ये रेल्वे पुण्यापर्यंत आली, १८६३ मध्ये बोरघाट पूर्ण होऊन मुंबईशी सलग जोडणी झाली. कचेऱ्या, कोर्ट, शाळा वाढल्या. वकील, मामलेदार, मास्तर आणि पेन्शनर यांच्या हातात पैसा आला. त्यांनी बंगला बांधला नाही, वाडाच बांधला, कारण सुतार-गवंडी त्याच घराण्यांतले होते आणि घरात राहण्याची रीतही तीच होती. त्यामुळे १८८५ चा वाडा १७८५ च्या वाड्यासारखा दिसू शकतो. सगळा घोळ इथे आहे.

तुमच्या वाड्यात कुठून सुरुवात कराल? बहुतेक लोक दर्शनी खांबांपासून करतात. मी शेवटी खांबांकडे जातो. तुम्ही आधी माळ्यावर चढा.

माळ्यावर कुणी रंग देत नाही, कुणी पॉलिश करत नाही, म्हणून तिथे लाकूड अजून खरे बोलते. टॉर्च लाकडाला जवळजवळ चिकटवून, तिरका उजेड पाडून आढे (छपराच्या माथ्याचे आडवे लाकूड) आणि वासे पाहा. वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीने, तासलेल्या लाकडावर उथळ, एकाआड एक खपल्या निघाल्यासारखे ठसे दिसतात. हातकरवतीने चिरलेल्या फळीवर सरळ पण कमी-जास्त अंतराच्या रेघा असतात. चिरणारे दोघे दमले की रेघांचा कलही बदलतो. यांत्रिक गोल करवतीची फळी असेल तर रेघा धनुष्यासारख्या वाकलेल्या असतात, सगळ्या एकाच वळणाच्या. अशी रेघ मूळ तुळईवर (भार घेणाऱ्या आडव्या लाकडावर) दिसली की पेशवाईचा विषय त्या तुळईपुरता संपला. खिळेही पाहा. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी, टोकाकडे निमुळता आणि डोके वेडेवाकडे. गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सर्रास दिसू लागतो. अर्थात खिळा नंतरही ठोकता येतो, म्हणून तो एकटा पुरावा नव्हे.

मग कौले. मंगलोरी कौल हे तारखेच्या बाबतीत फार उपयोगी, कारण त्याच्या पाठीवर कारखान्याचे नाव असते. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा. त्याआधी इकडे छपराला नळीची देशी कौले असत. बासेल मिशनचा शिक्का असलेले कौल पहिल्या महायुद्धानंतरचे सहसा नसते, कारण मिशन जर्मन भाषक स्वित्झर्लंडचे, त्यात जर्मन मंडळी बरीच, म्हणून युद्धात सरकारने कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. एक सावधगिरी मात्र ठेवा. कौलावर १८६५ किंवा १८६८ असा आकडा दिसला की घरमालक खूश होतो, पण तो बहुधा कारखान्याच्या स्थापनेचा असतो, कौल भाजल्याचा नव्हे. आणि छप्पर हा वाड्याचा सर्वांत लवकर बदलणारा भाग. मंगलोरी कौल पाहून ‘वाडा १८६५ नंतरचा’ असे म्हणणे चूक आहे. तेवढे छप्पर त्यानंतरचे, एवढेच म्हणता येते. देशी कौलांचे वासे जवळजवळ बसवलेले आणि बारीक असतात, मंगलोरीला रिपा, म्हणजे वाशांवर ठोकलेल्या आडव्या पट्ट्या, लागतात. वाशांवर जुन्या रचनेच्या खुणा आणि वर नंतर ठोकलेल्या रिपा दिसल्या, तर छप्पर बदलले पण सांगाडा जुना राहिला, असा अंदाज करता येतो.

माळ्यावरून उतरून थेट जोत्यापाशी या. आगीत लाकूड जाते, विटा ढासळतात, जोते राहते. घडीव काळ्या दगडाचे, बारीक सांध्यांचे जोते आणि त्यावर अगदी साधे, ढोबळ बांधकाम असे विजोड दिसले, तर जुन्या जोत्यावर नवा वाडा चढवल्याची शक्यता मोठी. ही गोष्ट तपासायची सोपी रीत म्हणजे तळखडे. खांबाखालचा हा दगड जोत्याच्या ओळीत, समान अंतरावर बसला आहे का पाहा. काही तळखडे घडीव आणि काही नुसते ओबडधोबड, किंवा खांब तळखड्याच्या मधोमध नसून एका बाजूला सरकलेला, असे असेल तर वरचा सांगाडा नंतर उभारला आहे. चौकातल्या एका सोप्याचे (चौकाकडे उघड्या, खांबांच्या दालनाचे) तळखडे एक जातीचे आणि समोरच्या सोप्याचे दुसऱ्या जातीचे, असेही वारंवार आढळते. तिथे वाडा टप्प्याटप्प्याने वाढलेला असतो.

आता त्या दर्शनी खांबांकडे येऊ, ज्यांवर सगळ्यांचा भरवसा असतो. सुरूच्या झाडासारखा निमुळता खांब, खाली कुंभ आणि पाने, दोन खांबांमध्ये महिरप, महिरपीच्या पोटातून लोंबणारे केळफूल. पेशवाईच्या उत्तरकाळाचे हे वळण. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जात ते आजही बघायला मिळते, आणि तुमच्या घरापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जरूर जाऊन या. डोळ्यांना एक माप मिळते. पण हे वळण १८१८ ला थांबले नाही. सुतारांनी ते पुढे साठ-सत्तर वर्षे चालवले. नंतर कोरीव काम उथळ होत गेले, पाने चपटी झाली, महिरपीची कमान पूर्वी दांडग्या लाकडातून कोरलेली असे ती फळीतून कापून चिकटवली जाऊ लागली. महिरपीला मागून हात लावून बघा. मागून सपाट फळी लागली तर काळ बराच अलीकडचा.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे जुने लाकूड. सागाला पुण्यात नेहमीच किंमत होती. पडलेल्या किंवा विकलेल्या वाड्याचे खांब, तुळया, दरवाजे उचलून दुसरीकडे बसवणे ही इथली जुनी चाल आहे. त्यामुळे १९०५ च्या घरात १७९० चा दरवाजा अगदी दिमाखात उभा असू शकतो. त्याच्या खुणा अशा: खांबाच्या अंगावर ज्यात काहीच बसलेले नाही अशी रिकामी खाच, नक्षी मध्येच कापली गेलेली, एकाच ओळीतल्या खांबांची उंची जुळवण्यासाठी खाली लाकडी ठोकळे, दिंडी दरवाज्याची चौकट भिंतीच्या तोंडापेक्षा लहान किंवा मोठी. एका वाड्यात देवडीतल्या मुख्य तुळईच्या पोटात ओळीने मोकळ्या खाचा होत्या, पण वरच्या कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी तक्तपोशीच्या, कड्या त्या खाचांपासून चार बोटे सरकलेल्या होत्या. तुळई तिथली नव्हती, हे त्या चार बोटांनी सांगितले. मालकांना मात्र ते पटायला बराच वेळ लागला, कारण त्याच तुळईवर त्यांच्या घराण्याचा सगळा इतिहास लटकलेला होता.

विटांकडेही एक नजर टाका. प्लास्टर पडलेली एखादी जागा मिळेलच. पेशवाईच्या विटा पातळ आणि पसरट, जाड चुन्यात किंवा मातीत बसवलेल्या. इंग्रजी अमदानीत सुमारे नऊ इंच लांब, साडेचार रुंद आणि तीन जाड हे माप रूढ झाले. एकाच भिंतीत खाली पातळ आणि वर जाड वीट असेल तर तो सांधा म्हणजे तुमच्या वाड्याच्या इतिहासातली एक तारीख आहे, तिचा फोटो काढा. भिंतीत उभी, सरळ, तुळईपर्यंत जाणारी भेग दिसली की लोक घाबरतात. पुष्कळदा ती फक्त एवढेच सांगते की आत लाकडी खांब आहे. वाड्याच्या भिंतीत खांब गाडलेले असतात, भार ते घेतात आणि वीट-माती मधली जागा भरते. पानशेतच्या पुरात मातीच्या भिंती विरघळून खाली बसल्या आणि नुसता लाकडी सांगाडा उभा राहिला, अशी घरे नारायण, शनिवार, कसबा या नदीकडच्या पेठांत होती. तुमचा वाडा नदीच्या किती जवळ आहे यावर बरेच अवलंबून आहे. पुराचे पाणी आत आले असेल तर तळमजल्याच्या भिंती १९६१ नंतरच्या असण्याची तयारी ठेवा, वरचा मजला त्याहून जुना असला तरी.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. लोखंडी गर्डर आणि ओतीव लोखंडाचे कठडे रेल्वेनंतरचे. गर्डरवर ‘टाटा’ असा उठाव असेल तर १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरचे पोलाद तेव्हापासूनचे. शहाबादी फरशी रेल्वेने आली, त्याआधी शेणाने सारवलेली जमीन किंवा काळा दगड. सिमेंटची रंगीत नक्षीदार फरशी विसाव्या शतकातली. दारांच्या वर रंगीत काचा, तीही बहुधा इंग्रजी काळातली हौस. रस्त्याच्या अंगाला मोठ्या खिडक्या, लांब सज्जा आणि खाली दुकाने असतील तर तो भाग वाड्यातला सर्वांत तरुण मानून चला. पेशवाईतल्या साध्या घराचे तोंड चौकाकडे, रस्त्याला पाठ असल्यासारखी बंद भिंत. शिवाय लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता यांच्यासारखे रुंद रस्ते पेठांच्या पोटातून काढले तेव्हा कित्येक वाड्यांची देवडीच कापली गेली आणि नवे दर्शनी तोंड बसले. म्हणून रस्त्यावर उभे राहून वाड्याचे वय सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका, मग तो माझ्या धंद्यातला का असेना.

एवढ्या सगळ्याचा उपयोग करताना एकच नियम पाळतो. एखाद्या भागातली जी वस्तू नंतर घुसवता येणे शक्य नाही, तिच्यापैकी सर्वांत अलीकडची वस्तू त्या भागाचे वय ठरवते. खिळा नंतर ठोकता येतो, फरशी नंतर बसवता येते, पण दुमजली भिंतीच्या पोटातली, वरचा सगळा भार घेतलेली तुळई नंतर सरकवणे फार कठीण. ती गोल करवतीने चिरलेली असेल तर त्यावरचा मजला तिच्यानंतरचाच.

आता कार्बन चाचणी. सदाशिव पेठेतल्या वाड्यासाठी तिचा उपयोग जवळजवळ नाही. ती लाकूड कधी वाढले हे सांगते, घर कधी बांधले हे नाही. सागाच्या जुन्या झाडाच्या गाभ्यातला तुकडा घेतला तर झाड तोडण्याआधीच्या शे-दीडशे वर्षांचे उत्तर येईल. लाकूड पुन्हा वापरलेले असेल तर आणखी गोंधळ. आणि मुख्य अडचण ही की साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातल्या कार्बनचे प्रमाण असे वर-खाली झाले आहे की एका नमुन्याला दोन-तीन वेगवेगळ्या कालखंडांची उत्तरे निघतात. १६८०, १७८० की १९२० यांतून निवड शेवटी तुम्हालाच करावी लागते, म्हणजे पुन्हा तिथेच. तो पैसा मोडी वाचणाऱ्याला द्या.

कागदांबद्दल मी फार आशावादी आहे. ट्रंकेतला गठ्ठा कुणाला उचलून देऊ नका, आधी प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मग साल शोधा. शालिवाहन शक असेल तर त्यात ७८ मिळवा, जानेवारी ते चैत्रापर्यंतची मिती असेल तर ७९. पेशवेकालीन कागदात पुष्कळदा सुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) अरबी शब्दांत अक्षरी लिहिलेला असतो, एकम आधी, मग दहम, शतम आणि शेवटी ‘अलफ’ म्हणजे हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या सुमारास, सुरू होते. ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपतचे वर्ष. तुमच्या कागदात ‘मया’ऐवजी ‘मयातैन’ असेल, म्हणजे दोनशे, तर काळ १८०० च्या आसपासचा किंवा नंतरचा.

साल मिळाले की खरी मजा पुढे. जुन्या खरेदीखतात आणि वाटपपत्रात घराचे वर्णन खणांत असते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच ते आठ फुटांचा. कागदात समजा लिहिले आहे, ‘चौकाच्या पूर्वेस सोपा खण पाच, माडी खण तीन, पश्चिमेस पडवी’. आज तुमच्या पूर्वेच्या सोप्याला पाच खण आहेत का, मोजा. पाच असतील आणि तळखडेही एकजात असतील, तर त्या सोप्याची जागा आणि मांडणी त्या कागदाइतकी जुनी असण्याला बळकटी येते. सात निघाले तर दोन खण नंतर वाढवले किंवा शेजारच्या भावाचा हिस्सा आत आला, आणि जोडाची जागा सांगाड्यात दिसायला हवी. कागद आणि लाकूड एकमेकांना असे तपासू लागले की घरातल्या आख्यायिकेची गरज उरत नाही. चतुःसीमाही, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दींचे वर्णन, वाचा. शेजाऱ्यांची नावे, बोळ, हौद, देऊळ यांवरून वाडा नक्की कुठला हे पक्के होते. पणजोबांनी वाडा विकत घेतलेला असेल तर आधीच्या मालकाचे नाव मिळेल, आणि त्या नावाने पुढे शोध घेता येतो. जुन्या पेठांबाबत नावांचे भान ठेवावे लागते. शनिवारची मुर्तजाबाद, सोमवारची शहापूर, रविवारची मलकापूर अशी नावे जुन्या कागदांत येतात. सदाशिव पेठेपुरता हा त्रास कमी.

घरातले कागद अपुरे पडले तर पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर आणि सदाशिव पेठेतच असलेले, १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, ही दोन ठिकाणे. मंडळात मोडी वाचणाऱ्यांची माहितीही मिळेल. पण तिथे जाण्याआधी सिटी सर्व्हेचा मालमत्ता पत्रक उतारा आणि नकाशा काढा, आणि महापालिकेची जुनी घरपट्टीची नोंद मिळते का बघा. या कंटाळवाण्या कागदांतून ‘नवीन माडी’, ‘पडीक’, ‘दुकान गाळे’ असे शेरे निघतात, आणि एखाद्या भागाची तारीख दहा वर्षांच्या आत येऊ शकते. सरदार-दरकदारांचे घर नसेल तर पेशवे दफ्तरात तुमच्या वाड्याचा थेट उल्लेख सापडेलच असे नाही, तेव्हा सुरुवात अलीकडच्या कागदापासून करून मागे मागे जा.

समजा हे सगळे करून निघाले की जोते जुने, सांगाडा १८८० चा आणि पुढची बाजू १९३० ची. मला तसेच निघण्याची दाट शंका आहे. मग नातेवाईक जिंकले आणि वाडा बिनमहत्त्वाचा ठरला का? माझे मत अगदी उलट आहे. सरदारांचे नगारखाने आणि दिंड्या यांची चित्रे, वर्णने पुष्कळ आहेत. पण माजघर, देवघर, धान्याचे बळद, न्हाणीघर, बाळंतिणीची खोली जागच्या जागी असलेला १८८० चा कारकुनाचा वाडा आता पेठेत शोधून मिळत नाही. शिवाय महत्त्व केवळ वयाने येत नाही. बुधवार पेठेतला भिडे वाडा लोकांना ठाऊक होता तो तिथे १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली म्हणून. त्याचे खांब किती जुने हे कुणी विचारत नव्हते. तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. तुमच्या वाड्यात बिऱ्हाडकरू कोण होते, कुठला छापखाना, शिकवणी, खाणावळ चालली का, हे जुन्या शेजाऱ्यांना आजच विचारा. ही माहिती लाकडाहून लवकर नाहीशी होते.

पुनर्विकासाबद्दल कायद्याचा सल्ला मी देणार नाही, तो भाडेकरू किती, हिस्से कसे, यावर ठरतो. दोन गोष्टी मात्र माझ्या कक्षेतल्या आहेत. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि असल्यास कोणत्या श्रेणीत, हे करार करण्याआधी पाहा, कारण श्रेणीप्रमाणे काय करता येते ते बदलते. आणि पाडकामाच्या ठेक्यात जुन्या लाकडाची किंमत बहुधा आधीच धरलेली असते. खांब, दरवाजा, महिरपी यांपैकी काय तुमच्याकडे राहील, कुणाच्या खर्चाने उतरवले जाईल आणि कुठे ठेवले जाईल, हे करारात शब्दांत लिहून घ्या. ठेकेदाराने कटर लावला की सांध्यांचे पुरावे पहिल्याच दिवशी जातात. त्याआधी वाड्याची मोजमापासह रेखाटने करून घ्या. वास्तुकलेचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतात, त्यांना फक्त माळ्यावर जाऊ द्या आणि दुपारी चहा द्या.

मला पुढे काही सांगता यावे असे वाटत असेल तर इतके पाठवा: एका मंगलोरी कौलाच्या पाठीचा फोटो, माळ्यावरच्या आढ्याचा तिरक्या उजेडातला फोटो, चौकाच्या चारही बाजूंच्या तळखड्यांचे फोटो, प्रत्येक सोप्याचे खण आणि त्यांची मापे, आणि गठ्ठ्यातला साल दिसेल असा सर्वांत जुना कागद. खांबावरचा ऑइलपेंट खरवडून किंवा कॉस्टिक लावून साफ करायला घेऊ नका. त्या थरांखाली वाकसाचे ठसे असतील तर तेही पेंटबरोबर जातील.